जवळच्या विद्यापीठात गणितासाठी ट्रान्स्फर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात शिकायचं आणि उरलेली दोन वर्षं चार वर्षांच्या विद्यापीठात पुरी करायची, हा ट्रान्स्फरचा रस्ता आपल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं धरतात. मी याच रस्त्याने गणिताची पदवी घेतली. आता एका कम्युनिटी कॉलेजच्या गणित मदतकक्षात बसते. दर सप्टेंबरात मुलं आणि त्यांचे आईवडील साधारण हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. उदाहरणं कॅलिफोर्नियाची जास्त आहेत, कारण तिथली व्यवस्था मी जवळून पाहिली आहे. विचार करायची रीत मात्र कुठल्याही राज्यात चालेल.

घराजवळचंच विद्यापीठ घेतलं तर नुकसान होईल का?

गणितात सहसा होत नाही. पदवीच्या गणिताचा गाभा सगळीकडे जवळजवळ तोच असतो: रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, सिद्धतांसह शिकवलेला लिनियर अल्जिब्रा, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, प्रॉबॅबिलिटी. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चांगला शिकवणारा लागतो, फळा लागतो आणि एकाच गणितावर चार दिवस आपल्यासोबत अडून बसणारी दोन-तीन माणसं लागतात. हे सगळं पंधरा मैलांवर मिळत असेल तर तीन हजार मैल जाण्याचं कारण वेगळं असावं लागतं.

आयलीन कॉलिन्स यांचं उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावची ही मुलगी. शेजारच्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून १९७६ मध्ये गणित-विज्ञानाची दोन वर्षांची पदवी घेतली, मग त्याच राज्यातल्या सिरॅक्युज विद्यापीठात जाऊन १९७८ मध्ये गणित आणि अर्थशास्त्रात बीए पूर्ण केलं. १९९९ मध्ये कोलंबिया यानाच्या मोहिमेचं नेतृत्व करून त्या स्पेस शटलच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या. कॉलेजातली दोन वर्षं वाया न घालवता, दोन अधिक दोन अशा चार वर्षांत त्यांनी पदवी पुरी केली, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं. जवळचं विद्यापीठ निवडताना कसोटी हीच लावा: तुमची गणिताची उरलेली वाट तिथे दोन वर्षांत खरोखर पार होते का?

मग सगळ्यात आधी काय तपासायचं?

पूर्वअटींची शिडी. एक कागद आडवा धरा. उजव्या कडेला पदवीसाठी लागणारे शेवटचे कोर्स लिहा, म्हणजे साधारण ॲनालिसिसचा आणि अल्जिब्राचा दुसरा भाग. प्रत्येकाच्या डावीकडे, तो घेण्याआधी काय झालेलं असावं लागतं ते लिहा. त्याच्याही डावीकडे त्याची पूर्वअट. असं मागे मागे येत तुम्ही कॉलेजात केलेल्या विषयांपर्यंत पोचा. मग मधल्या पायऱ्या मोजा.

समजा तुमचं कॅल्क्युलसचे तिन्ही भाग, लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स एवढं झालं आहे. पहिल्या विद्यापीठात ॲनालिसिसच्या आधी सिद्धता लिहायला शिकवणारा एक कोर्स सक्तीचा आहे. ॲनालिसिसचा पहिला भाग फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या टर्ममध्ये) असतो, दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये (जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या). पहिला फॉल सिद्धतांच्या कोर्सात गेला की ॲनालिसिस थेट दुसऱ्या फॉलमध्ये, आणि त्याचा दुसरा भाग अगदी शेवटच्या टर्ममध्ये. पदवी दोन वर्षांत होते, पण जागा तसूभरही उरत नाही. एखाद्या टर्मला आजारी पडलात किंवा कोर्स सोडावा लागला, तर भुर्दंड अख्ख्या वर्षाचा.

दुसऱ्या विद्यापीठात ॲनालिसिसचा पहिला भाग दर टर्मला असतो आणि दुसरा दर फॉलला. तिथे पहिल्या फॉलमध्ये सिद्धतांचा कोर्स, स्प्रिंगमध्ये ॲनालिसिसचा पहिला भाग, पुढच्या फॉलमध्ये दुसरा. शेवटची टर्म टोपोलॉजीला किंवा आवडत्या कुठल्याही विषयाला मोकळी. माहितीपत्रकं शेजारी ठेवून पाहिलीत तर ही दोन विद्यापीठं जुळ्या भावंडांसारखी दिसतील. फरक शिडी काढल्यावरच दिसतो.

खऱ्या विद्यापीठांतली उदाहरणं सांगते. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; यूसीएलए आणि बर्कली हे तिचेच कॅम्पस. सॅन डिएगोच्या यूसीत मॅथ १०९ हा सिद्धतांचा कोर्स आहे. आधीचं गणित ऑनर्स मालिकेतून केलं नसेल, तर ॲनालिसिसच्या १४०ए आणि अल्जिब्राच्या १००ए या कोर्सांचा दरवाजा १०९ मधूनच उघडतो. यूसीएलएत सिद्धतांची पहिली खरी ओळख बऱ्याच जणांना ११५ए या लिनियर अल्जिब्रात होते. बर्कलीत १०४ म्हणजे ॲनालिसिस, ११० म्हणजे लिनियर अल्जिब्रा आणि ११३ म्हणजे अल्जिब्रा, हे मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, गाभ्यातले कोर्स. तुमच्या जवळच्या विद्यापीठात असा दरवाजा कुठला आहे ते शोधा आणि पहिल्याच टर्मला तो कोर्स मिळेल ना, हे विचारून घ्या. ट्रान्स्फर विद्यार्थ्यांची नोंदणी पुष्कळ ठिकाणी उशिरा सुरू होते. तोवर त्या वर्गाच्या जागा भरून गेलेल्या असू शकतात.

कॅटलॉगमध्ये तर तीस-चाळीस कोर्स दिसतात. ते पुरेसं नाही का?

नाही. जे कधीतरी शिकवलं जाऊ शकतं, ते सगळं कॅटलॉगमध्ये असतं. तुम्हाला हवं आहे ते टर्मचं वेळापत्रक. बहुतेक विद्यापीठांची जुनी वेळापत्रकं त्यांच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता दिसतात. मागच्या चार टर्मची उघडा आणि वरच्या पातळीचे कोणते कोर्स खरोखर शिकवले गेले, किती तुकड्या होत्या, किती वाजता होत्या, हे टिपून घ्या. या कामाला एक संध्याकाळ पुरते आणि निवडीसाठी एवढी खात्रीची माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही. मध्यम आकाराच्या विभागात नंबर थिअरी किंवा डिफरन्शिअल जॉमेट्री एक वर्षाआड असते. तुमची दोन वर्षं नेमकी कुठल्या वर्षात पडतात, ते पाहून घ्या.

माझे कॉलेजचे कोर्स तिथे मोजले जातील का?

हा एक प्रश्न वाटतो, पण यात दोन प्रश्न आहेत. क्रेडिट मिळणं (म्हणजे कोर्साचे युनिट, अभ्यासाचं माप, खात्यात जमा होणं) वेगळं आणि ते मेजरमध्ये मोजलं जाणं वेगळं. युनिट आले, पण ‘ऐच्छिक’ म्हणून आले, असं झालं तर तो विषय पुन्हा करावा लागतो.

माझं तेच झालं. कॉलेजात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स मी मन लावून केलं होतं. विद्यापीठाने त्याचे युनिट घेतले, पण सिद्धतांच्या कोर्साच्या जागी ते धरायला नकार दिला, आणि हे मला कळलं ओरिएंटेशनच्या दिवशी. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि सोडवलेल्या गृहपाठांची फाइल घेऊन मी विभागातल्या प्राध्यापकांना भेटले. अर्ज मंजूर झाला, पण तोवर फॉल टर्म सुरू होऊन ॲनालिसिसचा वर्ग भरून गेला होता. तेच कागद मे महिन्यात दाखवले असते तर एक टर्म वाचली असती. म्हणून सांगते, प्रत्येक गणित कोर्साचा सिलॅबस, गृहपाठ आणि परीक्षेचे पेपर जपून ठेवा. कॉलेज सोडल्यावर ते गोळा करणं फार जड जातं.

राज्याराज्यांत सोयी वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजचा कोणता कोर्स यूसी आणि सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, राज्याची दुसरी विद्यापीठव्यवस्था) कोणत्या कोर्साच्या बरोबरीचा धरतात, ते मेजरनिहाय पाहता येतं. टेक्ससमध्ये सामाईक क्रमांक आहेत: कॅल्क्युलसचे तीन भाग म्हणजे २४१३, २४१४ आणि २४१५, कुठल्याही सहभागी कॉलेजात. फ्लोरिडात हेच एमएसी २३११, २३१२, २३१३. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे कम्युनिटी कॉलेजची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत सलग उतरते, पण तिथेही गणित मेजरच्या पूर्वअटी वेगळ्या तपासाव्याच लागतात.

एक बारीक गोष्ट. काही विद्यापीठं लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स एकाच कोर्सात शिकवतात, बर्कलीचा मॅथ ५४ तसा आहे. कॉलेजात हे दोन वेगळे कोर्स असतील तर दोन्ही करूनच त्या एकाची भरपाई होते. एकच करून गेलात तर अर्धवट अडकून पडाल.

क्वार्टर आणि सेमिस्टरचा काय फरक पडतो?

सेमिस्टर म्हणजे वर्षाच्या दोन मोठ्या टर्म, क्वार्टर म्हणजे तीन लहान. युनिटचा हिशोब सोपा आहे. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट, म्हणून ट्रान्स्फरला लागणारे ६० सेमिस्टर युनिट क्वार्टरच्या विद्यापीठात ९० होतात. यूसीच्या पदवी कॅम्पसांपैकी बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर चालतात, बाकीचे क्वार्टरवर.

खरा फरक वेगाचा. क्वार्टरमध्ये शिकवण्याचे आठवडे दहा. चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म आलेली असते. सेमिस्टरची सवय असलेला विद्यार्थी तोवर कुठे रुळायला लागलेला असतो.

आणि साखळी मधेच तोडू नका. सेमिस्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलसचा तिसरा भाग एका कोर्सात संपतो. क्वार्टरच्या विद्यापीठात तो बहुधा दोन तुकड्यांत असतो. तिसरा भाग राहिलेला असताना गेलात तर कुठून सुरुवात करायची याचाच घोळ होतो. सुरू केलेली मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा, मग भले एक उन्हाळी टर्म करावी लागली तरी चालेल.

बीए घ्यावं की बीएस? शुद्ध गणित की उपयोजित?

बीए आणि बीएस या अक्षरांचा अर्थ विद्यापीठागणिक बदलतो, त्यात डोकं घालू नका. बर्कलीची गणिताची पदवी बीए आहे, म्हणून तिला कोणी कमी लेखत नाही.

शाखेचा विचार मात्र करा. मोठ्या विभागांत गणिताच्या एकाच छपराखाली बरीच मेजर असतात. यूसीएलएत शुद्ध गणित, उपयोजित गणित, संगणनाचं गणित, वित्त आणि ॲक्च्युरिअल (विम्याच्या जोखमीचं) गणित, डेटा थिअरी अशी वेगवेगळी दारं आहेत. प्रवेशअर्जात एक निवडावं लागतं आणि नंतर बदलायचं तर प्रत्येकाचे नियम निराळे. उपयोजित मेजरला प्रोग्रॅमिंगचा किंवा फिजिक्सचा कोर्स आधीच झालेला लागू शकतो. मनात दोन शाखा असतील तर कॉलेजात असताना दोन्हींच्या पूर्वअटी करून ठेवा, बहुतेक वेळा फरक एक-दोन कोर्सांचाच असतो.

प्रवेशाची हमी मिळते का?

कॅलिफोर्नियात दोन प्रकारे. यूसीचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ) ‘टॅग’ नावाचा प्रवेशहमीचा करार करतात. त्याचा अर्ज सप्टेंबरात, एकाच कॅम्पसला. अटी मेजरप्रमाणे बदलतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. दुसरा प्रकार ‘एडीटी’ (असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर) या असोसिएट पदवीचा, २०१० च्या कायद्यातून आलेला: ती घेतली की सीएसयूत तिसऱ्या वर्षाला प्रवेश आणि उरलेली पदवी ६० युनिटांत. ही हमी सीएसयू व्यवस्थेतल्या जागेची आहे, हव्या त्याच कॅम्पसची किंवा मेजरची नाही. नेहमीचे अर्ज १ ऑक्टोबरपासून साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतात.

सगळे ए मिळत होते, आणि तिथे गेल्यावर पहिल्याच टर्मला सी आला. मी चुकीचा विषय घेतला का?

हा प्रश्न रडवेल्या आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देते.

ट्रान्स्फर झाल्यावर पहिल्या टर्ममध्ये गुण घसरण्याला ‘ट्रान्स्फर शॉक’ म्हणतात. हा शब्द १९६५ पासून वापरात आहे, म्हणजे तुमच्यावर एकट्यावर ओढवलेलं हे संकट नव्हे. गणितात त्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे विषयच बदलतो. कॉलेजच्या लिनियर अल्जिब्रात तुम्ही मॅट्रिक्सच्या ओळी कमी-जास्त करून उत्तर काढलंत. विद्यापीठात प्रश्न येतो: लिनियर मॅप एकास-एक असेल तर आणि तरच त्याच्या कर्नलमध्ये फक्त शून्य असतं, हे सिद्ध करा. कॅल्क्युलसमध्ये क्रमिकेची सीमा काढलीत; आता विचारतात, वरून सीमित असलेल्या वाढत्या क्रमिकेला सीमा असतेच असते, हे का? इथे काढण्याजोगी संख्याच नसते. शब्दांत, वाक्यांत, एकही फट न ठेवता लिहायचं असतं.

चार वर्षं तिथेच असलेल्या मुलांना या बदलासाठी एक-दोन टर्म मिळालेल्या असतात. तुम्ही आल्या आल्या त्यात पडता, त्याच टर्मला नवा परिसर, नवी नोंदणी, नवी माणसं. सी म्हणजे तुमच्या बुद्धीचं माप नव्हे. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांनी पहिल्या टर्मनंतर सिद्धता लिहिण्याचा हात बसवला आणि पुढे छान केलं.

निवड करताना याचा विचार असा करा. सिद्धतांचा स्वतंत्र कोर्स असलेलं विद्यापीठ, जिथे तो नाही त्याच्यापेक्षा ट्रान्स्फर विद्यार्थ्याला सहसा बरं. वर्ग किती मोठे आहेत आणि गृहपाठावर शेरे कोण लिहितं, तेही विचारा. सिद्धता लिहायला शिकायची तर कोणीतरी तुमच्या कागदावर ‘हे वाक्य आधीच्या वाक्यातून निघत नाही’ असं लिहून द्यावं लागतं. तुम्ही आल्बमसारखे जपून ठेवाल असे ते कागद असतात.

पहिल्या टर्मला सिद्धतांचे दोनापेक्षा जास्त कोर्स घेऊ नका. एक सिद्धतांचा, एक आकडेमोडीकडे झुकणारा, जसं न्यूमरिकल ॲनालिसिस किंवा प्रॉबॅबिलिटी, आणि एक गणिताबाहेरचा, ही बांधणी मला सगळ्यात सुरक्षित वाटते. त्यासाठी गणिताबाहेरचं काहीतरी उरलेलं असावं लागतं. पुष्कळ मुलं इतर सगळे विषय कॉलेजातच उरकून येतात आणि मग चार टर्म नुसतं अवघड गणित उरतं. एडीटी घेत असाल तर सामान्य शिक्षण, म्हणजे सगळ्यांना सक्तीचे असलेले इतर विषय, पुरं करावंच लागतं. तेव्हा भाषा, इतिहास, संगीत असं आवडीचं काही ऐच्छिक म्हणून विद्यापीठासाठी राखून ठेवा.

रँकिंग किती बघायचं?

फार थोडं. गणित विभागांच्या प्रसिद्ध याद्या मुख्यतः संशोधन आणि पीएचडीच्या अंगाने केलेल्या असतात. तिसऱ्या वर्षाच्या अल्जिब्राचा वर्ग कोण घेतं आणि कसा घेतं, हे त्यातून कळत नाही.

प्रत्यक्ष जाऊन कोणाला भेटावं आणि काय विचारावं?

जवळच्या विद्यापीठाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की निवडण्याआधी तिथे चार वेळा जाता येतं. कॅम्पस टूर ठीक आहे, पण गणित विभागाच्या इमारतीत जा. तिथल्या पदवी ॲडव्हायजरची भेट आधी ईमेलने ठरवा आणि शिडीचा कागद सोबत न्या. कागद पाहिला की ॲडव्हायजर नेमकं बोलतात. एरवी तुम्हाला माहितीपत्रकच वाचून दाखवलं जाईल.

हे विचारा: माझी पहिली टर्म तुम्ही कशी आखाल? ट्रान्स्फर विद्यार्थी बहुतेक दोन वर्षांत बाहेर पडतात का, आणि अडतात ते कुठे? गेल्या वर्षी जागा नाहीत म्हणून कोणता कोर्स मिळाला नव्हता? शेवटचा प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारा.

मग एखाद्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन ॲनालिसिसच्या वर्गात एक तास मागच्या बाकावर बसा. विषय कळला नाही तरी चालेल. मुलं प्रश्न विचारतात का, आणि विचारल्यावर शिकवणारे थांबतात का, एवढं बघा. तास संपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या मुलांशी बोला. ट्रान्स्फर होऊन आलेलं कोणी भेटलं तर त्याच्या पाच मिनिटांत तुम्हाला पुष्कळ कळेल.

रोज ये-जा करून गणित जमेल का?

जमतं, पण त्याची आखणी करावी लागते. वरच्या पातळीच्या कोर्साची बहुधा एकच तुकडी असते. सकाळी दहाची असेल तर दहालाच. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी वेळापत्रक पाहताना हे आधी तपासावं: दोन सक्तीचे कोर्स एकाच वेळी येतात का, संध्याकाळी काही असतं का.

ये-जा करणाऱ्याचं मोठं नुकसान प्रवासात होत नाही. तास संपला की गाडी काढून घरी येण्यात होतं. सिद्धता एकट्याने शिकणं फार कठीण आहे. ऑफिस अवर्स (प्राध्यापकांना भेटून शंका विचारायची ठरलेली वेळ), फळ्यापाशी जमणारा घोळका, गृहपाठ द्यायच्या आदल्या दिवशीची ती बैठक, हे सगळं वर्गाबाहेर घडतं. आठवड्यातले दोन दिवस असे ठरवा की वर्ग संपला तरी संध्याकाळी सहापर्यंत कॅम्पसवरच बसायचं. आणि घरच्यांना एक विनंती: मूल घरी राहतं म्हणजे ते हाताशी आहे, असं त्या दोन दिवशी धरू नका.

दूरच्या नावाजलेल्या विद्यापीठातही प्रवेश मिळालाय. आम्ही काय करावं?

दोन्हीकडची शिडी काढा, दोन्हीकडच्या आर्थिक मदतीची पत्रं शेजारी ठेवा. दूरच्या ठिकाणी शिडी स्पष्ट लहान असेल, किंवा मुलाला ओढ असलेला विषय जवळ मिळतच नसेल, आणि कर्ज डोईजड होत नसेल, तर जाऊ द्या. फरक केवळ नावाचा असेल तर मी जवळचं घेईन. घरभाड्यात जाणारे पैसे वाचले की नोकरीचे तास कमी होतात आणि ते तास गणिताला मिळतात. गणितात वेळेइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मुलाचं मत मात्र आधी विचारा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मधे बोलू नका.

कॉलेजचा जीपीए (ग्रेडची सरासरी) पुढे येतो का?

बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतं, ग्रेड येत नाही. नव्या विद्यापीठात जीपीए कोऱ्या पाटीवर सुरू होतो. पीएचडीला किंवा नोकरीला अर्ज करताना मात्र दोन्हीकडची ट्रान्सक्रिप्ट मागतात. मेजरच्या कोर्सांत सहसा सी किंवा वरची ग्रेड लागते.

आर्थिक मदतीत ट्रान्स्फर विद्यार्थ्याने कशाकडे लक्ष द्यावं?

नव्या विद्यापीठाचा कोड फॅफ्सात, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, घाला. आपोआप काही जात नाही. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं, परत न करायचं सरकारी अनुदान) आयुष्यभरात पूर्णवेळच्या बारा सेमिस्टरांइतकीच मिळते आणि कॉलेजात घेतलेली त्यात धरतात. शिवाय सरकारी मदत सुरू राहायची तर पदवीच्या युनिटांच्या दीडपट मर्यादेत शिक्षण पुरं व्हावं लागतं: १२० युनिटांच्या पदवीला १८०. नव्या विद्यापीठाने स्वीकारलेले जुने युनिटही या हिशोबात येतात. कॉलेजात तीन-चार वर्षं रेंगाळलेल्यांनी हा आकडा आधी मांडून बघावा.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना ट्रान्स्फर करता येतं का?

येतं. जुन्या कॉलेजचा डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) तुमची सेव्हिस या सरकारी प्रणालीतली नोंद नव्या विद्यापीठाकडे सोडतो, मग नवीन आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा दाखला) मिळतो. जुनं कॉलेज सुटणं आणि नवीन वर्ग सुरू होणं यांतलं अंतर पाच महिन्यांच्या आत असावं लागतं, आणि टर्ममध्ये किमान १२ क्रेडिट. गणित स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) यादीत आहे, म्हणून पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीला (नोकरीच्या परवानगीला) आणखी २४ महिन्यांची जोड मिळू शकते. नियम बदलत असतात. प्रत्येक पाऊल डीएसओला विचारून टाका, मित्राच्या अनुभवावर नको.

भारतात एसवाय बीएस्सीपर्यंत गणित झालंय. तेही ट्रान्स्फरमध्ये धरतात का?

अनेक विद्यापीठं धरतात, पण कोर्सवार तपासून. गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित पेपर १’ असं असेल तर त्यांना काहीच कळत नाही. विद्यापीठाने छापलेला अभ्यासक्रम, पेपरनिहाय, इंग्रजीत, शिक्क्यासह आणा. आपल्याकडे ॲनालिसिस आणि अल्जिब्राची ओळख तुलनेने लवकर होते. योग्य कागद दाखवले तर सिद्धतांचा कोर्स वगळायला परवानगी मिळण्याची शक्यता असते.

पुढे पीएचडी करायची आहे. दोन वर्षं पुरतील का?

पुरतात, पण घड्याळ वेगाने धावतं. चौथ्या वर्षाच्या डिसेंबरच्या सुमारास अर्ज जातात, म्हणजे सेमिस्टरच्या विद्यापीठात तोवर तुमच्या हाती जेमतेम तीन टर्म असतात. शिफारसपत्रं लागतात तीन, आणि ती तुमच्या सिद्धता वाचलेल्या प्राध्यापकांकडूनच यायला हवीत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालणारे उन्हाळी संशोधनाचे आरईयू कार्यक्रम नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असतात. त्यांचे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात, म्हणजे तुमची एकच टर्म झालेली असताना. म्हणून आल्या आल्या एका प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना नियमाने जायला लागा. शिडी लहान असण्याचं महत्त्व इथे सगळ्यात जास्त. डिसेंबरातल्या अर्जावर ॲनालिसिसचे दोन्ही भाग दिसणं आणि एकच दिसणं, यात मोठं अंतर आहे.

विभागात पटनम या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या गणित स्पर्धेची तयारी घेतात का, तेही बघा. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ती असते, बारा प्रश्न, १२० गुण, आणि निम्म्या स्पर्धकांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच गुण मिळतात. बक्षीस मिळणं लांबची गोष्ट. त्या तयारीच्या वर्गात जी माणसं भेटतात त्यांच्यासाठी जावं.

ॲक्च्युअरी किंवा शिक्षक व्हायचं असेल तर?

ॲक्च्युअरीला पी आणि एफएम या पहिल्या दोन परीक्षा पदवी हातात येण्याआधीच देता येतात. प्रॉबॅबिलिटीचा कोर्स भक्कम शिकवणारं विद्यापीठ निवडा. शिक्षक व्हायचं असेल तर, ज्या राज्यात शिकवायचं तिथल्याच परवान्याचा अभ्यासक्रम जवळच्या सरकारी विद्यापीठात बहुधा असतो. या बाबतीत जवळचं विद्यापीठ सरस.

प्रवेश झाला. आता जाण्याआधीच्या उन्हाळ्यात काय करू?

रोज एक तास सिद्धता लिहा. सुरुवात अगदी साध्यापासून: दोन विषम संख्यांचा गुणाकार विषमच असतो. मग दोनाचं वर्गमूळ परिमेय नाही. मूळ संख्या अनंत आहेत. मग क्रमिकेच्या सीमेची एप्सिलॉनवाली व्याख्या पाठ करा आणि तिच्यावरून सिद्ध करा की एका क्रमिकेला दोन वेगवेगळ्या सीमा असू शकत नाहीत. हे शेवटचं आठवडाभर जमलं नाही तरी सोडू नका. जमलं की कागद घेऊन आमच्यासारख्या एखाद्या मदतकक्षात या. आम्ही उन्हाळ्यातही बसतो, आणि तुमची सिद्धता ओळ न् ओळ वाचायला कोणीतरी नक्की असतं.